मंडळीच्या पट्टीत

नगरच्या एका जुन्या मंडळीत मी रविवारच्या उपासनेला पेटी वाजवते. आधी वडील वाजवायचे. त्यांची बोटं आखडली, तशी पेटी माझ्याकडे आली. पेटीमागे बसणाऱ्याला एक गोष्ट मिळते, ती बाकावर बसणाऱ्यांना मिळत नाही: गाणारी माणसं समोरून दिसतात. कोण कुठल्या ओळीला डोळे मिटतं, कुणाला पुस्तक उघडावं लागत नाही, कोण आज नुसतेच ओठ हलवतं आहे, हे सगळं तिथून कळतं. उपासनेतल्या गाण्याबद्दल मला जे काही उमगलं, ते बरंचसं असं बघता बघताच उमगलं.

१. विश्वास आधी आणि गाणं मागाहून, असा क्रम आमच्या घरात तरी नव्हता. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पवित्र शास्त्र तिने स्वतः कधी वाचलं नाही, पण बेथलेहेमची गव्हाण, कालवरी, रिकामी कबर हे सगळं तिला क्रमाने ठाऊक होतं, कारण ते पदांमध्ये होतं. भाकरी थापताना, निंदताना ती ती पदं म्हणायची. तिचा विश्वास गळ्यातून आत गेला होता. पुढे ख्रिस्तपुराणाविषयी वाचलं, तेव्हा वाटलं की आजीची वाट तर फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत जवळपास अकरा हजार ओव्यांचं पुराण रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांसमोर म्हटलं जाऊ लागलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना त्या जागी काहीतरी हवं होतं. तशी मागणी करणारा माणूस पुराणाच्या आरंभीच भेटतो. आता याच्या शेजारी दुसरं साल ठेवून पाहा. छापील मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला १८११ मध्ये. म्हणजे मराठी माणसाच्या हाती वाचायला शुभवर्तमान येण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी त्याच्या कानावर ते ओव्यांतून पडत होतं. रविवारच्या शाळेतली मुलं अर्थ न कळता गाणी पाठ करतात अशी तक्रार कुणी केली की मला आजी आठवते. अर्थ येईल. त्याला उतरायला जागा तर तयार असू दे.

२. पट्टी मंडळीची लावायची, आपली नव्हे. पेटी हाती देताना वडिलांनी एवढंच सांगितलं होतं. ऐकायला ही साधी सूचना वाटते, पण उपासनेच्या संगीताचं जवळजवळ सगळं शहाणपण तिच्यात आहे असं मला आता वाटतं. पुरुषांचा आवाज काळी एकच्या आसपास सुखाने चालतो, बायकांना काळी चार-पाच हवी असते. शेदोनशे माणसं एकत्र गाणार, त्यात म्हातारे, पोरं, आवाज फुटायला लागलेले मुलगे. अशा वेळी गाण्यातली सगळ्यांत वरची जागा कुठे येते ते आधी बघायचं आणि तिथून खाली मोजत षड्जाला यायचं. सकाळच्या पहिल्या उपासनेला गळे उघडलेले नसतात, तेव्हा अर्धा-एक सूर उतरवायचा. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना चालते. येशूच्या सात उद्गारांवर मनन असतं, निम्मी माणसं उपाशी असतात. त्या दिवशी आणखी खाली. माझ्या स्वतःच्या गळ्याला यातली एकही पट्टी सोयीची नाही. एखादी तान छान फिरेल अशा जागी गाणं कधी येतच नाही. पण सगळे गळे एका सुरावर येतात, खिडक्यांच्या काचा हलक्या थरथरतात, तेव्हा त्या आवाजात माझा आवाज वेगळा काढून दाखवा म्हटलं तर मलाही दाखवता यायचा नाही. यासारखा आनंद मला एकटीने गाताना कधी मिळालेला नाही.

आमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ आहेत, ते प्रत्येक ओळ थोडी उशिरा संपवतात. पेटीवाल्याने लय ओढून धरली, तर त्यांचा शेवटचा शब्द तुटतो. मी थांबते. तालाच्या हिशेबात हे बसत नाही, पण दुसरं कडवं येईपर्यंत सगळी मंडळी न सांगता त्यांच्यासाठी थांबायला लागते. प्रवचनातून हे शिकवायला किती रविवार लागले असते!

३. नारायण वामन टिळकांची पदं म्हणताना जीभ अडत नाही, याचं कारण पेटीवर बोटं ठेवल्यावर नीट कळलं. मिशनरी आले ते आपली गीतं आणि आपल्या चाली घेऊन आले, आणि त्या चालींवर मराठी शब्द बसवले गेले. इंग्रजी चाल आघातावर चालते. मराठी ओळ ऱ्हस्व-दीर्घावर, मात्रांवर चालते. दोघांची गाठ पडली की एखाद्या बिचाऱ्या ऱ्हस्व अक्षरावर सूर लांबच लांब ताणला जातो, दीर्घ अक्षर घाईत उरकतं आणि शब्द मध्येच मोडतो. गाणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बोचत राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे नगरमध्येच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा घाट उचलला आणि ख्रिस्तचरित्र कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. त्यांची पदंही आम्ही गातो. मग आले टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा ते कवी म्हणून आधीच घडलेले होते आणि तुकोबा त्यांच्या हाडीमासी होते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या पदांत तो पूल अजून उभा आहे. अभंगाची मोजणी, ओवीचा सैलपणा, देवाशी सलगीने बोलण्याची रीत, हे सगळं वारकऱ्यांचं. आणि ज्याच्याशी बोलायचं तो नासरेथचा येशू. मुलाने आईकडे हट्ट धरावा तसे टिळक प्रभूकडे हट्ट धरतात, आणि मंडळीतल्या प्रत्येकाला वाटतं की हे मीच म्हणतो आहे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा टिळकांनंतर पाच वर्षांनी झाला. लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे वाचलेल्यांना मधल्या वर्षांची होरपळ माहीत आहे. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं ख्रिस्तायन अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. ज्या बाईला नवऱ्याच्या धर्मांतराने सगळ्यांत जास्त सोसायला लावलं, तिनेच त्याचं काव्य शेवटाला नेलं. टिळकांचं पद लागलं की मला हे दोघेही आठवतात. आयुष्याच्या शेवटी टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. इतका मोठा मांडव मनात असल्याशिवाय तशी पदं सुचत नसावीत.

म्हणून मी इंग्रजी चालींना परक्या म्हणेन का? नाही. त्या चाली आमच्याकडे राहून आता चार-पाच पिढ्या झाल्या. माझ्या वडिलांचं सगळ्यांत आवडतं गीत विलायती चालीचं होतं आणि ते गाताना ते मराठीतच रडत. खुद्द पेटीचं बघा. हार्मोनियम युरोपातून आली, पायपेटी चर्चमध्ये वाजली, संगीत नाटकात वाजली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवलं. आज पेटीवाचून एकही भजनी मंडळ बसत नाही. वाद्य आपलं की परकं, चाल आपली की परकी, याचा निवाडा शेवटी लोकांचे गळे करतात. त्याला दोन-तीन पिढ्या लागतात आणि तो कुणाला विचारून होत नाही.

४. उत्सव अंगात शिरावा लागतो. आजीच्या गावात उपासना चालायची ती टाळ, झांज, डफ यांच्यासकट. नगर जिल्ह्यात खेड्यापाड्यांत ख्रिस्ती झालेली बहुतेक घरं महार आणि मांग समाजातली. मांगांकडे हलगी आणि सनई पिढीजात. गावातल्या लग्नाला, मिरवणुकीला त्यांची हलगी हवी असे. देवळाच्या पायरीला मात्र त्यांनी शिवायचं नाही. आजी सांगायची, प्रार्थनाघर बांधून झालं तेव्हा पहिल्या नाताळाला हलगी आत आली, पार वेदीपर्यंत आली, आणि वाजवणाऱ्याला कुणी बाहेर थांब म्हटलं नाही. तो वाजवता वाजवता रडत होता म्हणे. सामुदायिक उपासना म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी आधी हा प्रसंग सांगते. शहरातल्या मंडळ्यांमध्ये अजून काहींना हलगी उपासनेला शोभत नाही असं वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. स्तोत्रसंहितेतलं शेवटचं, १५०वं स्तोत्र उघडून पाहावं. डफ, झांजा, नाच, सगळी दाटी आहे तिथे.

आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. आमची मंडळी प्रोटेस्टंट, ती यात्रा कॅथलिकांची. तरी मी एका मैत्रिणीबरोबर गेले होते. लांबलांबून माणसं चालत येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. रस्त्यावर कुठे गायनमंडळ नव्हतं. एक जण ओळ सांगायचा, मागचे उचलायचे, त्यांच्या मागचे त्यांच्याकडून घ्यायचे. गाणं रांगेच्या शेवटापर्यंत पोचायच्या आत पुढे दुसरं सुरू झालेलं असायचं. माझ्यासारख्या पट्टी सांभाळणाऱ्या बाईला ते पहिल्यांदा सोसवेना. थोडं अंतर चालल्यावर पाय त्या तालात पडायला लागले आणि मग ऐकू येणं सुरू झालं. कॅथलिकांच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवायला हवं की व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून देईपर्यंत त्यांचा मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वसईच्या माझ्या एका परिचित बाईंना मराठीतला पहिला मिस्सा आठवतो. देव एवढ्या जवळून बोलतो आहे याची भीती वाटली, असं त्या म्हणाल्या.

५. विलापाला जागा नसेल, तर आनंदगीतं पोकळ वाजतात. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असं मत्तय सांगतो. पुढे काय वाढून ठेवलं आहे ते ठाऊक असताना ते गायले. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते, असं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. मला त्या ऐकणाऱ्या कैद्यांविषयी फार वाटतं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आई गेली तेव्हा मी त्यांच्यातली एक होते. दफनभूमीत मंडळीने पद धरलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुनरुत्थानाची आशा त्या घटकेला माझ्याकडे नव्हती. पण भोवतालचे गात होते. त्यांनी माझ्या वाटची ओळ म्हटली. आईच्या नात्यातल्या एका आजींचा सूर लागत नव्हता, त्या तशाच मोठ्याने म्हणत होत्या, आणि मी त्यांच्या आवाजाला धरून उभी होते. विश्वास ही एकट्याने पेलायची गोष्ट आहे असं त्यानंतर मी कधी मानलं नाही.

२०२० साली पुनरुत्थानाचा रविवार १२ एप्रिलला आला. टाळेबंदी होती, चर्चला कुलूप. पाळकसाहेबांनी फोनवरून उपासना घेतली आणि गीत सुरू झालं. प्रत्येक घरातला आवाज क्षणभर उशिरा दुसऱ्या घरात पोचत होता, त्यामुळे सगळे एकत्र गायले की नुसता गलबला. मग एकाचा आवाज चालू ठेवून बाकीच्यांचे बंद करावे लागले. प्रवचन त्या पडद्यावर व्यवस्थित झालं. प्रार्थना झाली. वाचनं झाली. फक्त एकत्र गाणं तेवढं होऊ शकलं नाही. उपासनेतली कुठली गोष्ट दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही, याचं उत्तर त्या वर्षी माझ्यापुरतं मिळालं.

६. नव्या गाण्यांवर मी रागावत नाही. तरुण मुलं गिटार, कीबोर्ड, ड्रम घेऊन उभी राहतात, हिंदी गाणी आणतात, भिंतीवर शब्द दिसतात. जुनी माणसं म्हणतात, तीच ओळ किती वेळा? हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. भजनात एक चरण घोळवत रात्र काढणारे आपण. माझी तक्रार दुसरीकडे आहे. स्पीकर इतका मोठा असतो की शेजारच्या माणसाचा आवाज कानावर येत नाही. गाणं मूळ गायकाच्या पट्टीत जसंच्या तसं उचललेलं असतं, ते वर गेलं की बायका खाली सूर शोधतात, पुरुष गप्प होतात, आणि थोड्या वेळाने सगळी मंडळी उभी राहून छान कार्यक्रम ऐकत असते. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने गीतं लोकांच्या भाषेत आणली, १५२४ मध्ये त्यांची पहिली पुस्तकं निघाली, ती कशासाठी? उपासनेतलं गाणं गायकवृंदाच्या हातून बाकावरच्या माणसाच्या तोंडी जावं म्हणून. ते आता ध्वनियंत्रणेच्या वाटेने परत व्यासपीठावर जाताना दिसतं आणि मन कष्टी होतं. आमच्या मुलांना मी एवढंच सांगितलं: दोन सूर खाली घ्या, आणि शेवटच्या कडव्याला वाद्यं थांबवा. त्यांनी करून पाहिलं. पहिल्यांदा वाद्यं थांबली तेव्हा ड्रम वाजवणारा मुलगा मंडळीकडे बघतच राहिला. आता तो स्वतःच कुठे थांबायचं ते ठरवतो.

७. नाताळची गाणी आमच्या एकट्यांची राहत नाहीत. डिसेंबरात रात्री आम्ही घरोघर गात जातो. घरात करंज्या, शेव, लाडू असा फराळ तयार असतो, कारण नाताळ झाला तरी तो मराठी घरातला सण आहे. शेजारपाजारचे गॅलरीत येतात. आमच्या गल्लीतल्या एका काकू दरवर्षी दार उघडून उभ्या असतात आणि त्यांना दोन पदं अख्खी पाठ आहेत. कधी शिकवली नाहीत कुणी.

८. शब्द पुस्तकात राहतात, चाल माणसाबरोबर जाते. ही जाणीव हल्ली मला स्वस्थ बसू देत नाही. उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकात पद छापलेलं असतं, पण आमच्याकडे ते ज्या चालीवर म्हणतात ती चाल पुष्कळदा कुठेच लिहिलेली नसते. तेच पद नगरला एका वळणाने म्हणतात आणि शेजारच्या तालुक्यात दुसऱ्याच. आजीच्या गावची एक चाल होती, दुसऱ्या ओळीच्या शेवटी कोमल निषादावर किंचित थांबणारी. ती पूर्ण येणाऱ्या शेवटच्या बाई गेल्या वर्षी वारल्या. मला तिचा अर्धाच भाग येतो. उरलेला मी कुणाकडे मागू?

तुमच्या मंडळीत, मग ती मिरजेची असो, सोलापूरची, वसईची की दूरदेशी भाड्याच्या सभागृहात भरणारी, अशी पुस्तक न उघडता गाणारी एखादी आजी किंवा एखादे आजोबा असतीलच. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर त्यांच्याजवळ बसा, त्यांना येतील तेवढी पदं म्हणायला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. गाव, पदाचा क्रमांक आणि त्यांना ती चाल कुणाकडून मिळाली, तेवढं सोबत लिहून ठेवा.